जनावर दगावल्यावर पहिला दिवस

मंडळी, नैसर्गिक आपत्तीत जनावर दगावलं तर सरकारी मदत मिळते. तिचे दर दिल्लीत ठरतात, पण ती मदत खात्यात येणार की नाही हे तुमच्या गोठ्यात, पहिल्याच दिवशी ठरतं. म्हणून आकडे पटकन उरकतो.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे 2022-23 ते 2025-26 या काळासाठीचे दर असे: गाय-म्हैस 37,500 रुपये, बैल 32,000, वासरू 20,000, शेळी-मेंढी 4,000, कोंबडी 100. याला मर्यादा आहे. मोठी दुधाळ तीन, शेळ्या-मेंढ्या तीस, बैल तीन. कोंबड्यांना कुटुंबामागे 10,000. पन्नास मेंढ्या वाहून गेल्या तरी हिशेब तीसचाच, म्हणजे 1,20,000. ऑक्टोबर 2025 मध्ये राज्यानं अतिवृष्टीसाठी 31,628 कोटींचं पॅकेज काढलं, तेव्हा तीन जनावरांची अट बाजूला ठेवली. ती सूट त्या आपत्तीची. दर वर्षी मिळेल असं धरून चालू नका.

आता मुद्द्याचं. जनावर दगावलं की आधी तलाठ्याला फोन, मग पशुवैद्यकीय दवाखान्यात. दोघं येईपर्यंत पुरायचं नाही. फोटो तीन काढा: सबंध जनावर, आजूबाजूची जागा, आणि कान. कानातल्या बिल्ल्याचे बाराही अंक वाचता आले पाहिजेत. बाजारातून आणलेल्या गाईचा बिल्ला सरकारच्या ऑनलाइन नोंदीत पुष्कळदा अजून जुन्या मालकाच्या नावावर असतो, आणि फाईल नेमकी तिथेच अडकते. खरेदीची पावती जपा, पण त्याहून सोपं म्हणजे गाय दारात आली त्याच आठवड्यात दवाखान्यातून नाव बदलून घ्या.

वीज पडून गेलेलं जनावर लवकर फुगतं, नाकातोंडातून रक्त येऊ शकतं. काळपुळीतही, म्हणजे अँथ्रॅक्समध्येही, हुबेहूब असंच दिसतं. त्यामुळे डॉक्टरांनी आधी कानाच्या शिरेतलं रक्त काचपट्टीवर घेऊन तपासलं तर ‘चिरफाड का करत नाही’ म्हणून हुज्जत घालू नका. काळपुळीचं जनावर उघडलं तर रोग गावभर पसरेल. आणि कारण रोग निघालं तर ही मदत लागू नाही. 2022 मध्ये लम्पीसाठी पैसे मिळाले, ते राज्यानं वेगळा निर्णय घेतला म्हणून. बिबट्यानं मारलं तर तहसील नव्हे, वन विभाग.

पुरात जनावर वाहून गेलं, सापडलंच नाही, तर शवविच्छेदन कशाचं करणार? तिथे पंचनाम्यातल्या साक्षी आणि बिल्ल्याची जुनी नोंद, एवढाच आधार. तुटलेलं दावं, खुंटा, गोठ्याच्या भिंतीवरची पाण्याची रेघ, याचेही फोटो घ्या. मेंढरं घेऊन बाहेरगावी असाल तर जिथे घटना घडली तिथल्याच तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या; गावी परतल्यावर तुमचा तलाठी तो करू शकत नाही.

सही करण्याआधी पंचनामा मोठ्यानं वाचून घ्या. ‘गाय’च्या जागी ‘कालवड’ लिहिलं आणि तिला वासरात धरलं, तर 17,500 रुपये तिथेच गेले. गाय व्यालेली असेल तर कितव्या वेताची, गाभण होती का, हे लिहायला लावा. ‘मयत जनावरे: 2’ एवढंच नको, प्रत्येकाचा प्रकार, वय, रंग, बिल्ला वेगळ्या ओळीत हवा.

शेवटी बँक. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, तुम्ही अर्जावर लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते आजच तपासा. पुष्कळदा ते एखादं विसरलेलं, बंद पडलेलं खातं निघतं.