रोममधलं चर्च आणि मुंबईचे कार्डिनल

नमस्कार मंडळी! मे 2025 मध्ये नवीन पोप निवडले गेले ना, तेव्हापासून आपल्या मंडळात मला सगळे विचारतायत की हे लाल कपड्यातले कार्डिनल म्हणजे नक्की कोण, बिशपच्या वरची पोस्ट का? मी वसईचा काथोलिक, म्हणून आज जरा नीट सांगतो.

चर्चच्या सेवेसाठी दिल्या जाणाऱ्या दीक्षा तीनच असतात, डीकन (धर्मगुरूच्या खालची पायरी), धर्मगुरू आणि बिशप. कार्डिनल ही चौथी दीक्षा नाही, पोपनी दिलेला मान आणि जबाबदारी आहे. शब्द आला लॅटिनमधल्या 'कार्दो'वरून, म्हणजे दाराची बिजागरी. सुरुवातीला हे सगळे रोमचेच, तिथल्या चर्चचे धर्मगुरू, डीकन आणि आजूबाजूच्या गावांचे बिशप, पोपना रोजच्या कारभारात हेच मदत करायचे. 1059 मध्ये पोप निकोलस दुसरे यांनी ठरवलं की पोपच्या निवडीत पुढाकार कार्डिनलांचाच, आणि 1179 पासून दोन तृतीयांश मतांची अट आली.

पण एकमत होणं सोपं नव्हतं हो. 1268 मध्ये इटलीतल्या व्हितेर्बो गावात पोपची निवडणूक सुरू झाली ती 1271 पर्यंत चालली, लोक इतके वैतागले की कार्डिनलांना कोंडून घातलं, जेवण तोडलं, वरचं छप्परसुद्धा काढलं! मग निवडून आलेल्या ग्रेगरी दहाव्यांनी 1274 मध्ये नियमच केला, आत कोंडायचं, तीन दिवसांत निकाल नाही तर जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवसांनी फक्त ब्रेड, पाणी आणि वाइन. पोप निवडायची ही बंद दाराआडची सभा, तिलाच कॉन्क्लेव्ह म्हणतात. मे 2025 मध्ये मत देणारे 133 कार्डिनल होते आणि दुसऱ्याच दिवशी पोप लिओ चौदावे मिळाले.

मला यातलं सगळ्यात जास्त काय भावतं सांगू? कार्डिनलांचं रोमच्या चर्चशी असलेलं जुनं नातं अजून तुटलेलं नाही. कार्डिनल जगात कुठलाही असो, बहुतेकांना रोममधलं किंवा जवळपासचं एक चर्च नावाने दिलं जातं. आपल्या मुंबईच्या कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियसना मिळालं ते रोममधल्या कोरविआले वस्तीतलं, जिथे जवळजवळ एक किलोमीटर लांबीची घरांची इमारत आहे, साध्या कामकरी लोकांची वस्ती. म्हणजे मुंबईचा माणूस नावाने का होईना, रोमच्या एका वस्तीचा होतो, किती सुंदर आहे हे!

आणि मुंबईचा मान जुना आहे. भारताचे पहिले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस, कराचीत जन्मलेले, मूळ गोव्याचे, मुंबईचे आर्चबिशप, 1953 मध्ये कार्डिनल झाले आणि 1958, 1963 दोन्ही वेळी पोपच्या निवडणुकीत मत दिलं. पुढे मरोळचे सायमन पिमेंटा, वांद्र्याचे आयव्हन डायस हेही मुंबईचे कार्डिनल झाले.

कार्डिनलला ऐंशी वर्षं झाली की पोपच्या निवडणुकीत मत देता येत नाही, 1970 मधला पोप पॉल सहावे यांचा नियम. ऑस्वाल्ड ग्रेशियसना डिसेंबर 2024 मध्ये ऐंशी पूर्ण झाली, त्यामुळे मे 2025 मध्ये ते मतदानाला नव्हते. कॉन्क्लेव्ह सुरू झाली त्या रात्री वसईहून आईचा फोन, "अरे, मग आपलं कोण आहे आत?" म्हटलं, गोव्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्राव आहेत गं. तेव्हा कुठे ती झोपायला गेली.