भरितात तूप कुठे असतं?

बठ्ठासले राम राम!

आज आपल्या खानदेशी पंगतीत भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि वरण-बट्टी आहे. नावनोंदणीच्या अर्जावर काही तरुण मंडळींनी 'व्हीगन' लिहिलं, की स्वयंपाकघरातून हमखास ऐकू येतं, "अहो, आपलं सगळं शाकाहारीच तर आहे!" घोळ होतो तो इथेच. मराठी वर्तमानपत्रंही 'व्हीगन'ला सर्रास 'शुद्ध शाकाहार' लिहून मोकळी होतात. व्हीगन हा शब्द १९४४ साली ब्रिटनमध्ये घडला, तोच मुळी दूध-अंडी खाणाऱ्या शाकाहाऱ्यांपासून वेगळं दिसावं म्हणून. म्हणजे मांस-अंडी तर नाहीतच, शिवाय दूध, दही, तूप, ताक, मध, काहीच नाही. भारतातल्या पाकिटावरचा हिरवा ठिपका पेढ्यावरही असतो. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ पासून वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आहे.

जाहिरातींत मात्र व्हीगन म्हणजे सोयाचं नकली मटण आणि ओटचं महागडं दूध. युरोपच्या न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की, सोयाच्या पेयाला 'दूध' म्हणून विकता येणार नाही. आपल्याकडे नारळाच्या दुधाने आजवर कुणाची फसगत झालेली नाही, पण ते असो. मुद्दा असा की खानदेशच्या ताटात नकली काही घालावं लागत नाही, फक्त तूप कुठून शिरतं ते बघावं लागतं.

भरितात तूप नसतंच. जळगाव जिल्ह्यातल्या भालोद-आसोद्याकडची ती पांढरट-हिरवी वांगी इथे मिळत नाहीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही. इथलं मोठं जांभळं वांगं घेताना आकाराच्या मानाने हलकं बघा, जड वांग्यात बिया जास्त. काट्याने सात-आठ ठिकाणी टोचा, नाहीतर ओव्हनमध्ये फुटतं. तेल चोळून २२० अंश सेल्सिअसवर साधारण पाऊण तास, मध्ये एकदा उलटायचं. गरम असतानाच झाकून ठेवलं तर साल सुटते, पण पाणीही सुटतं. म्हणून सोलून पंधरा मिनिटं चाळणीत निथळू द्या. पाणचट भरिताचं कारण बहुतेक वेळा हेच. मग हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर ठेचून, दाणे आणि कांद्याची पात घालून तेलाची फोडणी. शेतातल्या काड्यांवर भाजल्याचा धूर हवा असेल तर निखाऱ्यावर तुपाऐवजी तेलाचे चार थेंब टाकून धुंगार द्या. निखारा मात्र घराबाहेर. पन्नास माणसांना बारा किलो वांगी धरा, भाजून-सोलून बरीच घटतात.

कळणा म्हणजे चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट काळे उडीद, थोडं मीठ, आणि एकत्र दळण. ज्वारीत लायसीन हा प्रथिनांचा घटक कमी, तो उडदात भरपूर. उडदात जे कमी, ते ज्वारीत. आपल्या आज्यांनी हे शब्द ऐकले नसतील, प्रमाण मात्र बरोबर ठेवलं. उडीद वाढवला की भाकरी चिवट होते. इथलं ज्वारीचं पीठ बरेचदा जुनं, विरी म्हणजे चिकटपणा गेलेलं असतं, मग थापताना कडा फाटतात. अशा वेळी अर्ध्या पिठावर उकळतं पाणी ओतून उकड काढा आणि त्यात उरलेलं पीठ मळा.

शेवभाजी बेसन, तेल, खोबरं आणि काळ्या मसाल्याची. फक्त तयार शेवेच्या पाकिटावर दुधाची पावडर नाही ना, ते वाचा. बट्टीत मोहन तेलाचं घाला आणि तळणही तेलातच. तूप वाटीत वेगळं द्या, ज्याला हवं तो घेईल. मांड्याचं पुरण डाळ-गुळाचं, ते चालतं. अडचण येते ती सोबतच्या दुधा-तुपाची. कढी सोडून द्या, ताकाशिवाय ती कढी नव्हेच.

आता न आवडणारं बोलतो. 'आपले पूर्वज भाकरी-ठेचा खाऊन दणकट होते' हे व्हीगनांसाठी प्रमाण म्हणून सांगू नका. एक तर खानदेशात मटणाचा रस्साही तितकाच जुना आहे. दुसरं, कित्येक घरांत दूध डेअरीला जायचं आणि पोरांच्या ताटात कोरडी भाकर राहायची. ती निवड नव्हती, परिस्थिती होती. आणि बी-१२ हे जीवनसत्त्व ना ज्वारीत, ना उडदात. ते कमी पडलं की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात आणि दुर्लक्ष केलं तर मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. पूर्ण व्हीगन असाल तर ब्रिटनच्या व्हीगन सोसायटीचा सल्ला असा: रोज निदान १० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. नाहीतर बी-१२ घातलेले पदार्थ नेमाने खायचे. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारूनच.

आज वाढताना तुपाचा चमचा भरिताच्या पातेल्यात जाऊ देऊ नका. बट्टीच्या दोन पराती आहेत, निळ्या फडक्याची तेलातली. वाढपी मंडळींनी आधी विचारायचं, मग वाढायचं.