आवाज न चढवता: ग्लासगो, १९९६

[दृश्य: ग्लासगो. पावसाळी सकाळ, रिकामं धावण्याचं मैदान.]

गायक-गीतकार स्टुअर्ट मरडॉकला धावायची फार आवड होती. ऐन विशीत त्याला एम.ई. झाला. चार पावलं चाललं तरी अंगातलं त्राण जातं, असा हा आजार. जवळजवळ सात वर्षं त्यात गेली. त्या वर्षांत घरी बसून तो गाणी रचायला शिकला.

थोडं बरं वाटल्यावर तो बेकार संगीतकारांसाठीच्या एका सरकारी वर्गात जाऊ लागला. तिथे बेसवादक स्टुअर्ट डेव्हिड भेटला आणि बेल अँड सबॅस्टियन हा बँड आकाराला आला. पहिला अल्बम 'टायगरमिल्क' स्टो कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी काढला. तीन दिवसांत रेकॉर्डिंग, फक्त १००० तबकड्या.

दुसरा अल्बम भल्याभल्यांना जड जातो. साठवलेली गाणी पहिल्यातच संपलेली असतात. मरडॉककडे मात्र सात वर्षांची शिदोरी होती. पहिला अल्बम जूनमध्ये आला, दुसरा त्याच नोव्हेंबरात. नाव, 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर'.

[दृश्य: का-वा स्टुडिओची इमारत.]

दुसरा अल्बम इथे रेकॉर्ड झाला. हा स्टुडिओ म्हणजे एक जुनं चर्च. मरडॉक स्वतःही तेव्हा एका चर्चच्या सभागृहाची देखभाल करून तिथेच वर राहायचा. त्याच ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थला ओएसिस या रॉक बँडने दोन रात्रींत अडीच लाख लोक जमवले होते. इकडे या अल्बमवर चेलो, ट्रम्पेट आणि जवळ बसून बोलावं तसा गाणाऱ्याचा आवाज. मला हा हळुवारपणा भित्रेपणाचा वाटत नाही. अंगातली ताकद जपून वापरायला शिकलेला माणूस असाच गाईल.

पहिलंच गाणं ऐका. ते शाळेतल्या धावपटूंवर आहे.

मरडॉकला स्वतःला हे रेकॉर्डिंग कधीच पुरतं पटलं नाही. म्हणून सप्टेंबर २००५ मध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात बँडने सगळा अल्बम पुन्हा वाजवला. पुढच्याच महिन्यात काश्मीरमध्ये भूकंप झाला. त्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणाचे पैसे भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी देण्यात आले.

बार्बिकनमधला आवाज भरदार आहे, वादनही सफाईदार. तरी शीर्षकगीत ऐकायचं तर मी १९९६ चंच लावते. त्याच्या सुरुवातीला खेळणाऱ्या मुलांचा गलका येतो, आणि त्या गलक्यातूनच गिटार सुरू होते.

[आवाज: मुलांचा गलका. पडदा काळा.]