अर्धपोटी बुरशीचे पेनिसिलिन

फेब्रुवारी 1941 मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी रक्तात जंतुसंसर्ग पसरून अत्यवस्थ झालेल्या एका पोलिसाला बुरशीपासून काढलेले पेनिसिलिन हे जंतुनाशक औषध टोचले. त्याचा ताप उतरला, तो जेवू लागला. पण साठा संपला. त्याच्या लघवीतून औषध पुन्हा वेगळे काढूनही ते पुरले नाही आणि मार्चमध्ये तो दगावला.

त्याच वर्षी जुलैत ऑक्सफर्डच्याच गटातले फ्लोरी आणि हीटली हे शास्त्रज्ञ अमेरिकेत पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत पोहोचले. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारे, मका भिजवलेले आंबूस पाणी तेथे बुरशीच्या खाद्यात मिसळले गेले आणि उत्पादन कित्येक पटींनी वाढले. 1943 मध्ये पिओरियातल्याच एका बुरसटलेल्या खरबुजावर पेनिसिलियमचा, म्हणजे पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीचा, असा वाण सापडला, जो उथळ भांड्यांऐवजी खोल टाकीत बुडूनही भरघोस पेनिसिलिन देई. त्यावर आधी क्ष-किरणांचा, मग अतिनील किरणांचा मारा करून, उरलेल्यांतून सरस तेवढे निवडत संशोधकांनी पिढ्यान्‌पिढ्या नवे वाण घडवले.

मात्र वाण कितीही चांगला असला, तरी त्याला खाऊ काय घालायचे आणि किती, यावर सारे अवलंबून असते. ग्लुकोज मुबलक मिळाले की बुरशी नुसती फोफावते आणि पेनिसिलिन बनवणे मागे पडते. म्हणून सुरुवातीला लॅक्टोज ही दुधातली साखर वापरत, कारण ते तिला सावकाश पचते. पुढे ग्लुकोजच टाकीत संथ धारेने, मोजूनमापून सोडण्याची पद्धत रूढ झाली. बुरशी जगावी, पण अर्धपोटी राहावी, ही या कामातली खरी किमया आहे. ‘पेनिसिलिन जी’ या प्रकारासाठी लागणारे फेनिलअ‍ॅसेटिक आम्लही असेच बेताने द्यावे लागते, कारण जास्त झाल्यास ते बुरशीलाच बाधते.

प्राणवायूचा प्रश्न याहून अवघड. बुरशीचे तंतू वाढतात तसा टाकीतला द्रव पिठल्यासारखा दाट होतो आणि हवेतला प्राणवायू त्यात नीट विरघळत नाही. ढवळणारी पाती जोरात फिरवली तर तंतू तुटतात. हळू फिरवली तर बुरशी घुसमटते.

पुण्याजवळ पिंपरीत 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, तो हेच तंत्र घेऊन. अशा टाकीत जाणारी हवासुद्धा निर्जंतुक करावी लागते, कारण पेनिसिलिन तोडणारे विकर (एन्झाइम) बनवणारे जिवाणू आत शिरले, तर अनेक दिवस जोपासलेली अख्खी टाकी वाया जाते.