आठ मात्रा, चार खाली

[दृश्य: बोगद्यात लांबवर गेलेली निळी चुंबकं]

2017 चा उन्हाळा. जिनिव्हाजवळ, स्विस-फ्रेंच सीमेखालच्या 27 किलोमीटरच्या बोगद्यात प्रोटॉनच्या टकरी घडवणारं यंत्र, लार्ज हेड्रॉन कोलायडर, चालू आहे. सगळं सुरळीत, आणि अचानक प्रोटॉनचा झोत डळमळतो. सुरक्षायंत्रणा तो बाहेर फेकते. पुन्हा भरायचा, त्यात काही तास जायचे, आणि पुन्हा तेच. बोट दरवेळी एकाच जागेकडे: 16 एल 2, म्हणजे बोगद्यावर आखलेल्या बिंदूंपैकी दुसऱ्याच्या डावीकडचा सोळावा खण.

त्याआधीच्या हिवाळ्यात या भागातलं एक चुंबक बदललं होतं. त्यासाठी तो भाग तापवला, मग पुन्हा थंड केला. या खटाटोपात झोताच्या नळीत हवा शिरली आणि आतल्या भिंतीवर गोठून बसली.

[दृश्य: पुंजक्यांचं ॲनिमेशन, संथ गतीत]

एकट्यादुकट्या प्रोटॉनला या बर्फाचं काहीच वाटलं नसतं. पण इथे झोत पुंजक्यांचा बनलेला: एका पुंजक्यात दहा हजार कोटींहून जास्त प्रोटॉन, असे अडीच हजार पुंजके, आणि दोघांत अंतर 25 नॅनोसेकंदांचं. बर्फाचा कण सुटून झोतात पडला की त्याचा वायू होतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, ढग जमतो. पुंजक्याचं डोकं जरा बाजूला गेलं की ढग तिकडे कलतो, आणि कललेला ढग शेपटाला ओढतो. एक फेरी 89 मायक्रोसेकंदांची. मोजक्या फेऱ्यांत अख्खा पुंजका झुलायला लागतो.

यावर इलाज आधीच होते. झुलणं दाबणारा डँपर होता. शिवाय अष्टध्रुवी चुंबकं: ती प्रत्येक प्रोटॉनला किंचित वेगळा ठेका देतात, म्हणजे सगळे एका तालात येतच नाहीत. त्याला लांदाउ डँपिंग म्हणतात. मला ही या शास्त्रातली सर्वांत खट्याळ युक्ती वाटते, शिस्त मोडून स्थैर्य मिळवायचं! पण 16 एल 2 पुढे दोन्ही तोकडे पडले. ऑगस्टमध्ये नळीचं आतलं अस्तर थोडं तापवून बर्फ उडवून पाहिला. त्रास उलट वाढला.

[दृश्य: नियंत्रण कक्षातला पडदा, भरलेल्या आणि रिकाम्या जागांची ओळ]

मग ताल बदलला. आठ पुंजके, पुढच्या चार जागा रिकाम्या. इलेक्ट्रॉन भिंतीवर आपटून आणखी इलेक्ट्रॉन काढतात ते पुढच्या पुंजक्याच्या रेट्यानं. चार खाली गेल्या की ढग विरतो. इलेक्ट्रॉन आवरायला 16 एल 2 मधल्या नळीच्या सांध्याभोवती तारेचं वेटोळंही गुंडाळलं. पुंजके 2556 वरून 1868 वर आले, म्हणून उरलेले आणखी बारीक करून टकरीला आणले, आणि त्याच शरद ऋतूत टकरींचा कमाल दर मूळ आराखड्याच्या दुपटीवर गेला.

हिवाळ्यात तो भाग तापवून वायू उपसला. सगळा निघाला नाही. 2018 मध्येही 16 एल 2 नं अधूनमधून झोत पाडलाच.