केबल लावली की बूट होतं, काढली की होत नाही

मागच्या पावसाळ्यात आम्ही एका विहिरीवर पाण्याची पातळी मोजणारा बॉक्स बसवला होता, आत एक सिंगल बोर्ड कॉम्प्युटर आणि त्याच्याखाली आम्हीच बनवलेला बेस बोर्ड. टेबलावर पन्नासदा चालू-बंद करून बघितलेला, एकदाही अडकला नाही. तिथे बसवला आणि दोन दिवसांत गप्प. लाइट गेली, परत आली, पॉवरचा एलईडी लागलाय पण नेटवर्कवर बोर्ड दिसतच नाही. मी जायचो, लॅपटॉपवरून बोर्डाशी बोलायची सिरीयल केबल लावायचो, पॉवर बंद-चालू करायचो आणि तो एकदम शहाण्यासारखा बूट व्हायचा. असं तीनदा झालं. एसडी कार्ड बदललं, पॉवर अडॅप्टर बदलला, तरी तेच.

चौथ्यांदा माझ्यासोबत आलेला मुलगा म्हणाला, सर पॉवरला हात लावू नका, नुसती केबल जोडा आणि एंटर दाबा. दाबलं तर समोर यू-बूटचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा, कमांड मागणारा प्रॉम्प्ट! म्हणजे बोर्ड मेला नव्हताच, तो रात्रभर तिथे कोणीतरी कमांड देईल म्हणून वाट बघत बसला होता, आणि मी दरवेळी पॉवर काढून तो पुरावाच पुसून टाकत होतो.

आता हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण यात लोकांचे आठवडे जातात. यूआर्टची, म्हणजे सिरीयल पोर्टची, लाइन रिकामी असते तेव्हा ती वर असते, ३.३ व्होल्टला, आणि खाली आली की रिसीव्हर समजतो स्टार्ट बिट आला, म्हणजे अक्षर येतंय. आमच्या बेस बोर्डावर आरएक्स, म्हणजे अक्षरं आत घेणारी पिन, तशीच मोकळी सोडली होती, वर पिनांच्या हेडरपर्यंत लांब ट्रॅक, शेजारी पंपाचा स्टार्टर. लाइट आली की पंप चालू, स्टार्टरने झटका दिला, लाइन क्षणभर खाली गेली आणि एक कचरा अक्षर आत गेलं. नेमकं त्याच दोन सेकंदांत यू-बूट विचारत असतो की ऑटोबूट थांबवायचं असेल तर कुठलीही की दाबा. कुठलीही म्हणजे खरंच कुठलीही, अक्षर कोणतं आलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि मी केबल लावली की केबलच्या यूएसबी-सिरीयल अडॅप्टरचा टीएक्स (अक्षरं पाठवणारी वायर) ती लाइन घट्ट वर धरून ठेवायचा, मग कसला झटका आणि कसलं काय, बूट होणारच.

उपाय म्हणजे आरएक्सवरून बोर्डाच्याच ३.३ व्होल्टला १० के (किलोओहम) चा एक रेझिस्टर, बस. सॉफ्टवेअरमधूनही करता येतं, पण बूटडिले, म्हणजे यू-बूट की साठी किती सेकंद थांबतो तो आकडा, शून्य केला की झालं असं समजू नका, शून्यावरही यू-बूट एकदा डोकावून बघतो की आधीच काही येऊन पडलंय का. उणे दोन केलं तर तो बघतच नाही, पण मग उद्या कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बिघडला तर तुम्हालाही आत शिरता येणार नाही, म्हणून दुरून चालवायच्या बोर्डावर मी ते करत नाही. त्यापेक्षा ठरावीक शब्द टाइप केल्याशिवाय थांबायचं नाही अशी सोय यू-बूटमध्ये आहे, ती लावा, आणि रेझिस्टर तरीही लावाच. त्या पोर्टवर जीपीएस मॉड्यूल जोडलं असेल तर रेझिस्टरचा उपयोग नाही हेही लक्षात घ्या, कारण तो झटक्याने आलेला कचरा नाही, जीपीएस दर सेकंदाला खरीच वाक्यं पाठवत असतो, तिथे शब्दाचीच अट हवी नाहीतर त्याला दुसरा पोर्ट द्या.

आता बरोबर याच्या उलटा प्रकार, केबल लावलेली असली की बूट होत नाही. हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो कारण इथे आपणच आजार लावतो. बोर्ड बंद आहे पण अडॅप्टर लॅपटॉपवर चालू आहे, त्याच्या टीएक्सवर ३.३ व्होल्ट आहेत, ते आरएक्स पिनच्या आतल्या प्रोटेक्शन डायोडमधून बोर्डाच्या सप्लाय लाइनवर चढतात. म्हणजे तुम्ही पॉवर काढली तरी बोर्ड पूर्ण बंद झालाच नाही, अर्धवट जागाच राहिला, मग रिसेट नीट लागत नाही आणि पुढच्या वेळी चिप भलत्याच अवस्थेतून उठते. तपासायला मीटर पुरे. बोर्डाची पॉवर काढा, केबल राहू द्या, ३.३ व्होल्टच्या पिनवर मोजा, शून्याजवळ यायला पाहिजे. एक-दीड व्होल्ट दिसला तर चोर सापडला. टीएक्सच्या वायरमध्ये १ के चा रेझिस्टर टाका, ११५२०० च्या नेहमीच्या सिरीयल वेगाला काही फरक पडत नाही, नाहीतर पॉवर दिल्यावर मग ती वायर जोडा. बीगलबोन ब्लॅक नावाच्या बोर्डावर यासाठी मध्ये आडोसा करणारी एक बफर चिपच घातलीय, ते मला फार आवडतं, कोणीतरी विचार करून केलेलं काम आहे.

बीगलबोनवरून आठवलं, त्याच्या कन्सोलवर, म्हणजे सिरीयलच्या स्क्रीनवर, नुसतं सी सी सी सी येत राहिलं तर घाबरू नका. चिपमधला बूट रॉम, म्हणजे सगळ्यात आधी चालणारा कायमचा कोड, आधी ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरची मेमरी, बघतो, मग एसडी कार्ड, दोन्हीकडे काही मिळालं नाही की सिरीयलवरून एक्समोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीने फाइल मागायला लागतो, तो सी म्हणजे ती मागणी. म्हणजे प्रोसेसर जिवंत, घड्याळ चालू, पोर्ट चांगला, फक्त ईएमएमसीवर किंवा कार्डावर एमएलओ ही पहिली बूट फाइल सापडत नाहीये. आणि सी पण येत नसतील तर पी८ हेडरवर काय जोडलंय ते बघा, ३१ ते ४६ पिनांमधल्या एलसीडीच्या डेटा लाइनी रिसेटच्या वेळी चिप वाचते आणि कुठून बूट करायचं ते ठरवते, तुमच्या सर्किटने त्यातली एखादी ओढून धरली की संपलं.

कचरा अक्षरं दिसली तर आधी बॉड रेट, म्हणजे सिरीयलचा वेग, बघा. रॉकचिप कंपनीच्या चिपवाल्या बऱ्याच बोर्डांवर तो १५००००० असतो आणि जुना सीपी२१०२ अडॅप्टर १० लाखांच्या पुढे जात नाही, मग लोक बोर्डाला शिव्या देतात. रास्पबेरी पाय ३ वर वेगळं, तिथे चांगला यूआर्ट ब्लूटूथकडे गेलाय आणि पिन ८ व १० वर मिनी यूआर्ट येतो, त्याचा वेग चिपच्या बदलत्या कोअर क्लॉकवर अवलंबून, म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये एनेबल यूआर्टची किंमत १ केल्याशिवाय भरवसा नाही. आणि अडॅप्टरची लाल, म्हणजे पॉवरची, वायर कुठेच जोडायची नाही, ग्राउंड मात्र आधी जोडायची.

तो विहिरीवरचा जुना बेस बोर्ड मी आणलाय, रेझिस्टर न लावलेला. इथे टेबलावर ठेवतो, ड्रिल मशीन पण आहे शेजारी चालवायला. या पुढे, एकेकाने पॉवर द्या आणि बघा किती वेळा अडकतो ते, फक्त अडकला की कोणी पॉवर काढू नका, आधी केबल जोडून एंटर दाबायचं.