उलटा टांगलेला, पण चेहरा शांत

हे बघा, मी कार्ड वर धरते, मागच्यांना दिसतंय ना? टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रांच्या पत्त्यांमधलं बारा नंबरचं, द हँग्ड मॅन, टांगलेला माणूस. इथे ठाण्यात काय आणि तिकडे वाशी-नेरूळला काय, रीडिंगमध्ये, म्हणजे कोणासाठी पत्ते काढून बघताना, हे निघालं की समोरच्याचा चेहरा उतरतोच, लोकांना वाटतं फाशी दिलीय. अहो पण दोर गळ्यात कुठेय, पायात आहे! उजवा पाय बांधलाय, डावा गुडघ्यात वाकवून मागे नेलाय, हात पाठीमागे, आणि चेहऱ्यावर त्रासाची एक रेघ नाही. डोक्याभोवती तेजोवलय आहे, आपल्याकडे संतांच्या तसबिरीत असतं तसं.

आता हा माणूस मुळात कोण, तर गद्दार. पंधराव्या शतकात इटलीत टॅरो हा साधा पत्त्यांचा खेळ होता, भविष्य बघणं त्याला बऱ्याच नंतर चिकटलं, अठराव्या शतकात फ्रान्समध्ये. आणि त्या इटलीत या कार्डाला गद्दारच म्हणायचे, कारण तिथल्या शहरांत पद्धत होती की दगाबाज, कर्जबुडवे वगैरे लोक पळून गेले, हाताला लागले नाहीत, की त्यांचं एका पायाने उलटं टांगलेलं चित्र भर चौकातल्या सरकारी भिंतीवर रंगवायचं, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं, घराण्याची अब्रू जावी. फ्लॉरेन्सच्या आंद्रेआ देल कास्तान्योने १४४० मध्ये अशी चित्रं काढली तर त्याला लोक टांगलेल्यांचा आंद्रेआ म्हणायला लागले. म्हणजे बदनामीचं चित्र आहे हे, शंभर टक्के.

मग १९०९ साली लंडनमध्ये लेखक आर्थर एडवर्ड वेट आणि चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांचा डेक, म्हणजे पत्त्यांचा संच, आला, आज आपण सगळे बहुतेक तोच वापरतो, आणि त्यात पामेलाबाईंनी जे केलंय ते मला फार म्हणजे फारच आवडतं. हा ज्या लाकडाला टांगलाय त्याला पानं फुटलीयेत, नीट बघा, हिरवी पानं. जिवंत लाकूड आहे ते. वेटने लिहूनच ठेवलंय की इथे आयुष्य थांबलंय, पण ते आयुष्य आहे, मरण नाही. मरणाचं कार्ड पुढचं, तेरावं.

झाडाला उलटं लटकलेला म्हटलं की आपल्याला वेताळ आठवतो, आणि त्या गोष्टीत राजाला अवघड प्रश्न घालणारा तोच असतो ना. गीतेच्या पंधराव्या अध्यायात तर अख्खा अश्वत्थच उलटा, मुळं वर, फांद्या खाली. टॅरो काही तिथून आलेलं नाही, तसं कोणी सांगितलं तर ऐकू नका, पण उलटं बघितल्यावर वेगळं दिसतं ही गोष्ट आपल्याला नवीन नाहीये एवढंच म्हणते.

माझ्याकडे सगळ्यात जास्त हे कार्ड कोणाला निघाल्याचं लक्षात राहतं सांगू? रिडेव्हलपमेंटवाल्यांना. बिल्डिंग पाडलीय, सामान भाड्याच्या घरात, आईला नवीन एरियात करमत नाही, आणि प्रश्न एकच, ताई पझेशन कधी? हे कार्ड तारीख सांगत नाही. जो रीडर यावरून महिना सांगतो तो फसवतोय, मी स्पष्ट बोलते. कार्ड म्हणतं तुमचा पाय आत्ता बांधलेला आहे, झटापट करून दोर सुटणार नाही, पण डोकं मोकळं आहे, तर डोक्याने बघा. एका काकांना मी म्हटलं, अॅग्रीमेंट स्वतः वाचलंय का, महारेराच्या साइटवर प्रोजेक्टची माहिती बघितलीय का, सोसायटीच्या मीटिंगला जाता का? तिन्हीला नाही. दोन वर्षं नुसते रागात काढले होते, आणि राग खराच होता त्यांचा, घर गेलेलं माणूस चिडणारच. पण कार्डातला माणूस चिडलेला नाहीये आणि हरलेलाही नाहीये, हा फरक मला त्यांना दाखवायचा होता.

आणि कार्ड उलटं आलं तर? हे बघा, फिरवते, आता तो उभा दिसतोय, मजेत एका पायावर नाचतोय जणू. पण वेटने उलट्या कार्डाचे अर्थ दिलेत स्वार्थ आणि गर्दी. चार लोक पळतायत म्हणून आपणही पळायचं, तसं. रीडिंगला उलटं आलं की मी आधी हेच विचारते, हा निर्णय तुमचा आहे की व्हॉट्सअॅप ग्रुपचा? शिकणाऱ्यांनी घरी गेल्यावर याच्या शेजारी एकवीस नंबरचं द वर्ल्ड ठेवून त्या नाचणारीचे पाय बघा, एक सरळ, दुसरा वाकवून मागे, अगदी याच्यासारखेच आहेत.